तोटलकोंड्यावरचा होकार

आमच्या घरात चमत्कार हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. वडील हयात होते तेव्हा जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तिकांचं दुकान लावायचे. उरलेले गठ्ठे वर्षभर खाटेखाली पडलेले असायचे आणि अक्षरओळख झाल्यापासून मी तेच वाचत मोठी झाले. अंगारे, नवस, बाबा-बुवा यांच्याविरुद्ध मी गल्लीत भांडले, कॉलेजात भांडले, एकदा तर लग्नाच्या पंगतीत भांडले. त्यामुळे हा अनुभव लिहायला बसले तेव्हा हात अडखळला. पण न लिहिणं जास्त खोटं झालं असतं. जे घडलं ते घडलं तसं सांगते, त्याला नाव ज्याचं त्याने द्यावं.

माझ्या मायला एकाच डोळ्याने दिसायचं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन फार पूर्वी एका शिबिरात झालं होतं. त्यात पू झाला आणि डोळा कायमचा गेला. आता उरलेल्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला होता. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता थांबू नका, जितका उशीर तितकं अवघड. त्यांनी तारीखही दिली. माय दवाखान्याच्या पायऱ्या उतरली आणि म्हणाली, "मला न्हाई करायचं. हाय तेवढ्यात भागवते."

मी सगळं करून पाहिलं. समजावलं, रागावले, अबोला धरला. नव्या पद्धतीचं ऑपरेशन कसं असतं, पूर्वीचं शिबिर आणि आजचा दवाखाना यांत किती फरक आहे, हे मुद्द्यांसकट सांगितलं. माय ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "झालं का पत्रक वाचून?" एकदा मात्र ती आपणहून बोलली. "आंधळी व्हायच्या आधी एकदा समुद्र दाखव. सिनिमात लई पाहिला. खरा कसा आसतो ते बघू दे."

नांदेडहून विशाखापट्टणमला थेट गाडी जाते. लातूरहून एस.टी.ने नांदेड आणि तिथून रात्रभराचा प्रवास. मी लगेच तिकिटं काढली. खरं सांगायचं तर मनात डाव होता. घरापासून लांब, मोकळ्या हवेत, मायला राजी करता येईल असं वाटत होतं.

ते शहर म्हणजे ऊन आणि पाणी. एका बाजूला टेकड्या, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून लांबच लांब रस्ता. हिवाळ्यातही ऊन असं की वाळूवर नजर ठरत नाही. पहिल्याच सकाळी मी मायला किनाऱ्यावर उभं केलं. लाटा पायांना लागल्या तशी ती लहान मुलीसारखी किंचाळली, साडी वर धरून गिरकी घेत हसली. मग बराच वेळ समोर बघत राहिली.

"कसा आहे?" मी विचारलं.

"लई मोठा हाय."

पण तिचं तोंड समुद्राकडे नव्हतं, रस्त्याकडे होतं. आवाज सगळीकडून येत होता, त्यामुळे तिला दिशा कळली नव्हती. पिकलेल्या मोतीबिंदूला लख्ख उजेड सोसत नाही, सगळं पांढरं होऊन जातं. "डोळ्यात चुना फेकल्यावानी दिसून राहिलं," ती नंतर हळूच म्हणाली. खांद्याला धरून तिला वळवलं आणि आम्ही दोघी जणू काही झालंच नाही अशा चालू लागलो.

किनाऱ्यावर एक जुनी पाणबुडी आणून ठेवली आहे, आत जाऊन बघता येते. आत अंधार, नुसते पाइप आणि चाकं. तिथे गंमत झाली. मायला बाहेरच्यापेक्षा आत बरं दिसायला लागलं! एकावर एक लावलेल्या अरुंद खाटा तिने हाताने चाचपून पाहिल्या, एवढ्याशा स्वयंपाकघरात डोकावली आणि तिथल्या माणसाला मला विचारायला लावलं, "एवढ्या पाण्यात राहून ह्यांला प्यायला पाणी किती मिळायचं?" तो म्हणाला, मोजून मिळायचं, अंघोळीचं तर नावच नको. माय खूश झाली. "म्हंजी लातूरवानीच की!"

दुपारी रोपवेने टेकडीवर गेलो. वर शंकर-पार्वतीच्या दोन प्रचंड पांढऱ्या मूर्ती आहेत. मायला फक्त मोठे आकार कळले. "कोण बसलंय ते?" तिने विचारलं. मी सांगितलं आणि सवयीने पुढचं भाषण सुरू करणार, तोच ती म्हणाली, "बसू दे माय. त्यांला बी गार वारा लागत आसल. तू कशाला उठवतीस?" भोवतीचं कुटुंब आमच्याकडे बघायला लागलं इतकी मी हसले.

संध्याकाळी वाळूवर बसून भाजलेलं कणीस खाताना मी विषय काढला. तारीख जवळ आली होती. हा डोळा गेला तर काय होईल हे मी बोलून दाखवलं. तिने कणीस खाली ठेवलं. "पहिल्या डोळ्याच्या वक्ताला बी समदे शानेच व्हते. समदे म्हणले काय व्हत न्हाई." माझे होते ते सगळे मुद्दे वापरून झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पर्यटन बसमध्ये आमच्या जागा होत्या. लवकर उठलो तर नळाला पाणी नव्हतं. खाली चहा घ्यायला गेलो. परत आलो तर लॉजचा मॅनेजर जिन्यात उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"क्या अम्मा, ऊपर नदी छोड़ दिए क्या?"

आमच्या खोलीतून पाणी वाहत जिन्यापर्यंत आलं होतं. मायने नळ उघडा ठेवून खाली बादली लावली होती. आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी नळ येतो, तो कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून तोटी उघडीच ठेवतात, पाण्याचा आवाज झाला की घर जागं होतं. मायने हीच सवय इथे आणली. इथे तर पाणी दिवसभर असतं, फक्त सकाळी टाकी भरेपर्यंत बंद राहतं.

मी माफी मागू लागले. मॅनेजर काही ऐकेना. आणि मग माझ्या मागून माय बोलली, तेलुगूत. सुरुवातीला अडखळत, मग घडाघडा, हातवारे करत. मायचं माहेर सीमेवरच्या देगलूरकडचं. लहानपणी शेतात तेलुगू बोलणाऱ्या बायकांबरोबर ती खुरपायला जायची हे मला माहीत होतं. पण ती भाषा तिच्या तोंडून मी जन्मात ऐकली नव्हती. आधी ती दिलगिरीच्या सुरात होती, मग हळूहळू भांडणाच्या सुरात गेली, आणि मॅनेजर आधी गप्प झाला, मग हसायला लागला.

"काय म्हणालीस त्याला?"

"म्हणलं, तुमच्याकडं पानी जास्त झालंय, त्यात माझा काय दोष?"

पदर खोचून तिने स्वतः खोली पुसली, मॅनेजर नको नको म्हणत असताना. या सगळ्यात बस निघून गेली. माझा चेहरा पडला. मॅनेजरने ओळखीची रिक्षा बोलवतो म्हटलं, कुठे जायचंय विचारलं. मी काही सांगायच्या आत माय म्हणाली, "तुझ्या बापाच्या पुस्तकात होती ती टेकडी. समुद्राजवळची. तिथं."

तोटलकोंडा. शहराबाहेर, समुद्राच्या अगदी वर, एका टेकडीवर प्राचीन बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. वडिलांच्या एका पुस्तिकेत त्याच्यावर चार ओळी होत्या. वर सावली नाही, मायला ऊन बाधेल, म्हणून मीच ते आमच्या बेतातून वगळलं होतं.

वर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. विटांच्या स्तूपाचा गोल, भिक्खूंच्या खोल्यांच्या जोत्यांच्या ओळी आणि खडकात खोदलेली पाण्याची कुंडं. मी फलक वाचून मोठ्याने सांगत होते. मायला त्यात काही रस नव्हता. ती सरळ कुंडाच्या काठावर बसली आणि दगडावरून हात फिरवू लागली. "पावसाचं पानी धरायला खोदलं आसल. समुद्र एवढा जवळ, पन प्यायला एक घोट न्हाई, म्हणून." मला हे फलकावर सापडलं नव्हतं. मग आम्ही स्तूपापाशी गेलो, हात जोडले, बुद्धं सरणं गच्छामि असं त्रिशरण म्हटलं. माय डोळे घट्ट मिटून म्हणत होती. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं?

तेवढ्यात सावली पडली. मायच्याच वयाची एक बाई छत्री धरून तिच्या शेजारी उभी होती. सुती साडी, पायांत खेळाचे बूट, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. तिच्याबरोबरची माणसं पलीकडे फोटो काढत होती. तिने तेलुगूत काहीतरी विचारलं. मायने उत्तर दिलं. ती बाई छत्रीसकट मायजवळ खाली बसली.

दोघी बोलत राहिल्या. मला अक्षर कळेना. आधी मला बरं वाटलं, मग चुळबुळ सुरू झाली. एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा येत होता, कन्नु. तो मला ठाऊक होता: डोळा. मी मध्ये घुसले. "काय म्हणतात त्या? ऑपरेशनचं सांगितलंस का? त्यांना सांग की डॉक्टर म्हणाले..."

"थांब की जरा," माय म्हणाली. "बायका बोलून राहिल्यात."

मी गप्प बसले. आयुष्यात इतकी गप्प मी क्वचितच बसले असेन. मग त्या बाईने चष्मा काढला. तिचा डावा डोळा पांढरा होता, अगदी मायच्या गेलेल्या डोळ्यासारखा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. दुसरा डोळा स्वच्छ, काळाभोर. मायने हात लांब केला आणि बोटांच्या टोकांनी तिच्या गालाला स्पर्श केला, डोळ्याच्या खाली, जिथे कातडी पातळ असते. बाईने तो हात तसाच राहू दिला.

मग तिने आपला काळा चष्मा मायच्या डोळ्यांवर चढवला आणि खांद्याला धरून तिला समुद्राकडे वळवलं.

मायने दोन्ही हातांनी चष्मा धरून ठेवला. मग म्हणाली, "निळा हाय गं."

मी म्हटलं, "हो."

"मला वाटून राहिलं होतं पांढरा आसतो."

यात नवल काहीच नाही. काळी काच उजेड अडवते, दिपलेल्या डोळ्याला जरा दिसू लागतं, हे कोणीही सांगेल. मला हे सुचायला हवं होतं, सुचलं नव्हतं. पण त्या टेकडीवर, आमची बस चुकलेली असताना, एकच डोळा राहिलेली दुसरी बाई मायच्या लहानपणीच्या भाषेत बोलत तिच्याच शेजारी का येऊन बसावी, याचं उत्तर माझ्या कुठल्याही पुस्तिकेत नाही. मी ते शोधत बसणारही नाही.

त्या बाईच्या माणसांनी हाक मारली. मायने चष्मा परत दिला. ती घेईना, पण मायने बळेच हातात ठेवला. उन्हात तिलाही जायचं होतं. ती गेल्यावर आम्ही उतरायला लागलो. निम्म्या वाटेवर माय थांबली. "डॉक्टरला फोन कर. येतो म्हणावं."

मला रडू आवरेना. रिक्षात बसल्यावर विचारलं, "असं काय सांगितलं तिने?"

"तिचा बी एक डोळा आसाच गेला. दुसऱ्याला हात लावू देईना कुनाला, लई साल भ्याली. मंग केलं."

"अगं, मीही तुला हेच सांगत होते ना!"

"तू सांगत होतीस," माय म्हणाली. "ती भ्याली होती."

"नाव काय तिचं?"

"इचारलंच न्हाई. तिची मानसं अक्का म्हणत होती."

लातूरला परत आलो आणि ठरल्या दिवशी माय ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, हिरवी टोपी घालून, माझ्याकडे न बघता. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर मी एकटी होते. पटवून द्यायला समोर कोणी नव्हतं, काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आत जे चाललं होतं ते दुसऱ्या हातांचं काम होतं. शरण या शब्दाचा अर्थ मी लहानपणापासून इतरांना समजावून सांगत आले आहे: शरण जाणं म्हणजे गुडघे टेकणं नव्हे, तो विचारपूर्वक निवडलेला मार्ग आहे. ते मी आजही मानते. पण त्या बाकावर मला त्याचा आणखी एक अर्थ कळला. आपलं बोलणं जिथे संपतं तिथे थांबायचं, आणि पुढचं काम दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ द्यायचं, त्या हातांची ओळख असो वा नसो. मी मनात त्रिशरण म्हटलं. या वेळी कोणाला समजावण्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं समोर धरून विचारलं, "मावशी, किती?" मायने बोटांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, पुन्हा पुन्हा, वरपासून खालपर्यंत.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "कवापासून?"

मला कोणी विचारलं तर मी अजूनही सांगेन की मी चमत्कार मानत नाही. पण संध्याकाळी वंदनेला बसते तेव्हा त्या बाईसाठी, तिच्या डोळ्यावर ज्याने कोणी उपचार केले त्याच्यासाठी, आणि ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत अशा सगळ्यांसाठी थोडा वेळ जास्त बसते. उपकार कोणाचे हे ठाऊक नसलं तरी उपकार मानता येतात, हे मला उशिरा कळलं. पण कळलं.