ग्वाल्हेरची शील्ड आणि घरून लागलेली हजेरी

"लिंक आहे की घरात! एवढ्या थंडीत तिकडं मरायला कशाला जातेस?"

मी ग्वाल्हेरला जाणार म्हटल्यावर आमच्या कोल्हापूरच्या घरातून मिळालेला हा आशीर्वाद. नवरा सोफ्यावर आडवा, पोटावर रिमोट. आणि त्याचं चूक तरी कसं म्हणू? गेली काही वर्षं मीसुद्धा त्याच सोफ्यावर बसून, आवाज बंद ठेवून, ती स्पर्धा बघत होते.

स्पर्धा म्हणजे 'शील्ड'. तिला मोठं नाव आहे, पण लश्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या जुन्या छावणीच्या भागात, सगळे शील्डच म्हणतात. दख्खनमधून फौजेबरोबर तिकडे गेलेल्या मराठी घरांनी आजोबांच्या काळात सुरू केलेली फुटबॉलची स्पर्धा. आता ती माझे अप्पामामा चालवतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही, आणि खरं सांगायचं तर आधीही नव्हता. कचेरी हा जोडधंदा होता.

डिसेंबरात मामेबहीण मीनलचा मेसेज आला. "ताई, तू तरी ये. फायनलला स्टँडमध्ये माणसं दिसली नाहीत तर पप्पांचं मैदान जाईल." मैदान एका ट्रस्टच्या मालकीचं. ट्रस्टचे वकीलसाहेब म्हणाले होते, या वर्षी फायनल बघून ठरवू. स्टँड भरला तर शील्ड चालू राहील, नाहीतर मैदान लग्नांसाठी देऊ. मी तिकीट काढलं. नवऱ्याला म्हटलं, तू लिंक बघ, मी माणूस म्हणून जाऊन येते.

जाणाऱ्यांसाठी माहिती: मिरजेहून दिल्लीकडे जाणारी गाडी ग्वाल्हेरवरून जाते. एक रात्र आणि आख्खा दिवस गाडीत काढायचा. जानेवारीत जात असाल तर एसीचं तिकीट काढा, स्लीपरच्या खिडक्यांतून वारा सुरीसारखा आत येतो. जेवण घरून न्या. भोपाळनंतर धुकं लागतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीने जाते. आमची इतकी रखडली की अपरात्री पोचायचं ते उजाडताना पोचले, म्हणजे उशीर पथ्यावरच पडला. स्टेशनबाहेर बॅटरी रिक्षा मिळतात. मामांच्या दर्पण कॉलनीपर्यंतचे दीडशे सांगितले, शंभरात ठरलं. कोल्हापूरचं नाव खराब होऊ नये म्हणून मी बरीच हुज्जत घातली.

मामीच्या हातचा चहा आणि कोपऱ्यावरची बेडई. बेडई म्हणजे डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी, सोबत बटाट्याची झणझणीत पातळ भाजी. आमच्या मिसळीला तोडीस तोड आहे, एवढं मी कोल्हापूरची असून कबूल करते. मामा मात्र खात नव्हते. मफलर गुंडाळून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते.

"बघ, असं आहे की आपले लोक येतात. फायनलला तर येतातच. तू फिक्र नको करू."

"पप्पा, सेमीफायनलला किती आले होते?" मीनलने विचारलं.

"थंडी होती ना."

"ग्वाल्हेरात जानेवारीत थंडी नाही तर काय असेल?" मामी म्हणाली, आणि तिने माझ्या ताटात आणखी एक बेडई टाकली.

त्या दिवशी किल्ला बघितला. बघाच. चढ दमवतो, पण वरून सगळं शहर दिसतं, आणि मला तिथूनही एकच गोष्ट शोधावीशी वाटली, ते मैदान. धुक्यात काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. मैदानाच्या फाटकापाशी पोचले आणि लाउडस्पीकर कडाडला, "कोल्हापुर से हमारी भांजी पधार चुकी हैं! स्वागत है!"

हीच ती नाव पुकारायची पद्धत, आईने मला लहानपणापासून सांगितलेली. शील्डला जो येईल त्याचं नाव फाटकातच पुकारायचं. खासगी बाजारचे जाधव साहेब सपरिवार, नया बाजारचे दिघे मास्टर. नाव झालं की माणूस मुद्दाम हळू चालायचा, बाई पदर सारखा करायची, सगळा स्टँड माना वळवायचा. आई म्हणायची, दिवाळीचा फ्रॉक आम्ही शील्डसाठी राखून ठेवायचो. फौजी लोकांची पोरं, नाव पुकारलं की हजर व्हायचं, हे रक्तातच. निम्मे लोक फुटबॉलसाठी नाही, आपलं नाव ऐकायला यायचे.

मीही हळू चालले. पण मान वळवायला कोणी नव्हतंच. पायऱ्यांवर खेळाडूंच्या घरची थोडी मंडळी, शेंगदाणेवाला आणि उन्हात झोपलेली दोन कुत्री. पलीकडे मीनल तिपाईवर फोन लावून सामना दाखवत होती. आणि मामा माइकवर बोलत होते, "ऑनलाइन हाजिर हैं खासगी बाज़ार से जाधव साहब सपरिवार! नया बाज़ार से दिघे परिवार, नमस्कार!"

मी मीनलच्या शेजारी जाऊन बसले. "हे काय?"

"लिंक सुरू केली तेव्हा पुण्या-इंदूरला गेलेल्यांसाठी केली ना, ताई. पप्पा म्हणाले, बाहेरच्यांचं पण नाव घ्यायला पाहिजे, बुरा वाटेल त्यांना. मग इथलेही कमेंट करायला लागले, हमारा भी नाम लीजिए. पप्पांनी घेतलं. आता घरी बसून नाव येतं तर स्वेटर घालून कोण येणार?"

मला ओरडावंसं वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी माणसं घराबाहेर पडत होती, ती माझ्या भोळ्या मामाने स्वतःच्या तोंडाने घरपोच केली होती. का? तर कुणाला वाईट वाटू नये म्हणून. हा असला घोळ आमच्याच घराण्यात होऊ शकतो.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मैदानाच्या भिंतीला लागून घर असलेले पवारकाका. फोन स्पीकरवर होता, मामांना नाहीतर ऐकू येत नाही.

"अप्पा, वो लाउडस्पीकर ज़रा कम करो यार. टीव्हीवर गोल मागून येतो आणि तुझा आवाज आधी येतो. सारा मज़ा किरकिरा होऊन राहिला."

मी भिंतीकडे पाहिलं. पवारकाकांच्या घराची खिडकी बंद होती. ती उघडली असती तर गोलपोस्ट हाताच्या अंतरावर होता. मामांनी लाउडस्पीकरचा आवाज कमी केला. मला हसू आलं आणि लगेच त्याचं वाईटही वाटलं.

फायनलच्या दिवशी सकाळी मामांनी अक्षता काढल्या. हो, लग्नाच्या असतात तशा, कुंकू लावलेल्या. "आपल्यात आवतण दिल्याशिवाय कोणी येत नाही. चुकलं आपलंच." ही त्यांची नवी समजूत. मी, मीनल आणि मामा असे तिघे निघालो. खासगी बाजारातल्या गल्ल्या अरुंद, रिक्षा आत येत नाही, तेव्हा पायी फिरा. तीळ-गुळाचा खुसखुशीत गजक इथूनच घ्या, ताजा कुटलेला मिळतो. घराघरांत चहा झाला. जाधवांकडे, दिघ्यांकडे, मोऱ्यांकडे. सगळ्यांनी अक्षता दोन्ही हातांत घेतल्या, डोक्याला लावल्या, मामांच्या पाया पडले.

"येणार ना साहेब, का नाही येणार! शील्ड आहे," जाधव म्हणाले. नवा टीव्ही भिंतभर होता. निघताना त्यांनी मीनलला हळूच म्हटलं, "बेटा, लिंक ज़रा टाइम से भेज देना. पिछली बार शुरुआत छूट गई थी."

मामांनी ऐकलं. पायऱ्या उतरताना कठडा धरून थांबले. "तो असंच बोलतो. येईल," म्हणाले. माझ्या मनात त्याच क्षणी सगळं संपलं होतं, पण त्यांच्या हातातली अक्षतांची वाटी अजून अर्धी भरलेली होती आणि पुढची घरं बाकी होती.

दुपारी ऊन छान पडलं. थंडीचं कारणसुद्धा उरलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुरारचा संघ विरुद्ध लश्करचा संघ, याहून मोठा सामना या शहरात होत नाही. मामांनी जुना कोट घातला होता. वकीलसाहेबांसाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची, तिच्यावर मामीने विणलेलं कव्हर. पोरं जीव तोडून खेळली. लश्करच्या पोराने उजवीकडून मारलेला गोल इतका देखणा होता की मी एकटी उभी राहून ओरडले आणि माझाच आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला. पायऱ्यांवर आदल्या दिवशीइतकीच माणसं. गादीची खुर्ची रिकामी.

हाफटाइमची शिट्टी झाली. मामा उठून मीनलपाशी आले.

"बंद कर."

"काय, पप्पा?"

"लिंक बंद कर. सगळे दहा मिनिटांच्या वाटेवर राहतात. वकीलसाहेब पण. बघू येतात की नाही."

मीनलने माझ्याकडे पाहिलं आणि फोन बंद केला. मामांनी लाउडस्पीकरचा कान पिळून आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला आणि माइक हातात घेतला.

"खासगी बाज़ार से जाधव साहब! आपकी जगह ख़ाली है. नया बाज़ार से दिघे साहब! पवार साहब, दीवार के उस पार से पवार साहब!" एकेक घर. कागद नव्हता, त्यांना गरजही नव्हती. आवाज गल्ल्यांत घुमत होता. मग ते हिंदी सोडून मराठीवर आले. "मोरे, अहो मोरे, या ना. दत्तोपंत, या." त्यात माझ्या आईचंही नाव आलं. मामी माझ्या शेजारी होती. तिने तोंडाला पदर लावला.

"अहो," ती खालून म्हणाली, "दत्तोपंत गेले ना. वन्सं पण गेल्या."

मामांनी माइकवर हात ठेवला. "जे गेले त्यांचं मी समजू शकतो," म्हणाले, आणि पुढची नावं घ्यायला लागले.

खेळाडू मध्यरेषेवर येऊन उभे राहिले. पंचांनी शिट्टी तोंडात धरली होती, वाजवली नाही. आम्ही सगळे फाटकाकडे बघत होतो. मी आयुष्यात कधी एखाद्या दाराकडे इतकं बघितलेलं नाही. कोणी आलं नाही.

आले ते फोन. मीनलला, मामांना, मामीलासुद्धा. लिंक बंद झाली, लिंक नाही चालत, नेट गेलं का. शेवटी वकीलसाहेबांचा आला, तोही स्पीकरवर.

"अप्पा साहब, लिंक सबकी बंद है या हमारी ही?"

"आपण येणार होतात ना, साहेब," मामा म्हणाले. "कुर्सी रखी है."

"अरे, घर से इतना बढ़िया दिख रहा था. और मैंने देख लिया, स्टँड तो ख़ाली ही है. एक बात कहूँ? जब सब घर से ही देख रहे हैं तो यही मैदान क्यों चाहिए आपको? कहीं से भी दिखा दीजिए."

मामांनी "जी" म्हटलं. फोन खिशात ठेवला. मीनलला म्हणाले, "चालू कर. त्यांचं नुकसान नको."

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी एकही नाव घेतलं नाही. लश्करने शील्ड जिंकली. बक्षीस मामांनीच दिलं, दुसरं कोणी नव्हतं. कॉमेंट येत होत्या, आवाज़ नहीं आ रही, आवाज़ नहीं आ रही.

परतीच्या गाडीत मामीने दिलेला डबा भोपाळ गेलं तरी उघडला नाही. घरी पोचले तर नवरा म्हणाला, "मधे बराच वेळ बंद पडलं होतं बघ. काय झालं होतं?" मी त्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टीव्ही बंद केला, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. पण पुढच्या रविवारी आमच्या इथल्या मैदानावर सामना होता, तो त्याने सोफ्यावरूनच पाहिला. मी एकटी गेले. आमच्या स्टँडमध्येही आता मोकळ्या पायऱ्या दिसतात. आधी कधी मोजायची वेळ आली नव्हती, आताही मी मोजल्या नाहीत, धीर झाला नाही.

सहलीतून काय मिळालं असं तुम्ही विचाराल. गजक संपला. किल्ल्याचे फोटो आहेत. सामन्याचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर आहे, पण मामांनी नावं पुकारली तो भाग त्यात नाही. तो फक्त तिथे होते त्यांनी ऐकला, आणि ज्यांच्यासाठी होता त्यांनी खिडक्या लावून ऐकला.

हे लिहायला मला वर्ष लागलं. या जानेवारीत शील्ड झाली नाही. मैदानावर आता लग्नांचा मांडव असतो. परवा मीनलचा फोन आला. म्हणाली, पवारकाकांनी पप्पांना फोन केला होता, "अप्पा, यंदा लिंक आली नाही?"

मामा म्हणाले, "खिड़की खोलिए, पवार साहब. लाइव है."