नोराच्या आईचं मत

मंडळी, आज (७ सप्टेंबर १९८३) दुपारी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, शेजारी राहणारी नोरा रडतच आमच्याकडे आली.

तिच्या माहेरी, आयर्लंडमध्ये, गर्भपातबंदी राज्यघटनेत घालायची का, यावर आज मतदान होतं. तिची धाकटी बहीण तिथेच असते. हृदय कमजोर, त्यात तिसरा महिना. हे बाळंतपण तिला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. पण कायद्यानं तिथे गर्भपात आधीच गुन्हा आहे, त्यामुळे कुणी हात लावायला धजत नाही.

नोरानं आईला फोन केला. आई म्हणाली, "मी बंदीच्या बाजूनं मत देऊन आले."

मग हळूच म्हणाली, "धाकटीला तुझ्याकडे पाठवते. तिला जगव."

मी चहा केला. मग दोघींनी मिळून नोराकडची पाहुण्यांची खोली आवरली.

मला त्या आईवर रागावताच येत नाहीये. तुम्हाला येईल?