मारांडीचं लेबल

सटवाजीमामा "चंदनासारखे झिजले" असं लिहिणं आधी बंद करा.

मामा काल गेले. आमच्या बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून फुलं आणि जोडलेले हात चालू आहेत.
त्यातले निम्मे त्या दिवशी हसले होते. मला चेहरे आठवतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते.

मामा आमच्या परभणीच्या कॉलेजात बॉटनी लॅबचे शिपाई. बोरीकडचे. जयभीमवाले.

फर्स्ट इयरला टूर कोकणात गेली. खाडीच्या चिकणमातीत मारांडीचं झुडूप उभं होतं, खाऱ्या चिखलातच वाढणारं. काटेरी पानं, निळी-जांभळी फुलं.
आमचे बॉटनीचे सर बांधावर, बूट घालून. "मुळासकट काढ रे!"
मामा मांडीभर चिखलात. हात रक्ताळलेले.

परभणीत आल्यावर सर म्हणाले, "इथं काय जगतंय ते! फेकून दे."
मामांनी फेकलं नाही.
"आपली काळी माती बी चिकणच हाय की, ताई. फकस्त खारट न्हाई. बघू की करून."

फुटक्या हौदात माती भरली. पाण्यात खडेमीठ विरघळवून घातलं. उन्हाळ्यात हापशावरून बादल्या वाहिल्या.
तिसऱ्या वर्षी मारांडी फुलली. समुद्रापासून इतक्या लांब!

मग सरांना तिचं हर्बेरियम शीट हवं झालं. फांदी दाबून, वाळवून कागदावर डकवायची, खाली लेबल. माझं अक्षर बरं, म्हणून लेबल माझ्याकडे.

"सर, संग्राहक म्हणून मामांचं नाव लिहू ना?"

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मामा तिथंच काचा पुसत होते.

सर म्हणाले, "शिपायाचं नाव लावलं, तर उद्या म्हणतील विद्यापीठालाबी लावा!"

अख्खी लॅब हसली.

मी हसले नाही. पण सरांचं नाव लिहिलं.

मामांनी शीट उचललं, वाचलं. म्हणाले, "अक्षर लय सुबक हाय ताई तुमचं."
आणि नीट कपाटात ठेवलं.

आज अंत्यविधीहून थेट कॉलेजात गेले. हर्बेरियममध्ये जुनं लेबल फाडत नाहीत. शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावतात, खाली सही करतात.

आताचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, सरांच्या घरच्यांना वाईट वाटेल."
"वाटू द्या. डिंक कुठाय?"

चिठ्ठीवर मामांचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं: आधीचं लेबल खोटं आहे. ते मी लिहिलं होतं.

दहा मिनिटांचं काम.
मामा हयात असताना मला ती दहा मिनिटं मिळाली नाहीत.

मामा, निरोप घेते. माफी मागत नाही. ती द्यायला तुम्ही आता नाहीत.