आईंनी सोडलेले वाल

‘फीकल इम्पॅक्शन,’ पेणचे डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले. म्हणजे मळाचा कडक गोळा होऊन तो मोठ्या आतड्याच्या टोकाशी अडकलेला. ‘आधी एनिमा देऊ. नाही सुटलं तर मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. ऑपरेशनही लागू शकतं.’

मी मान हलवली. याच वर्षी माझा नवरा गेला. गडब गावच्या घरात मी आणि त्याची आई, दोघीच उरलो होतो.

आईंचं पोट कित्येक दिवस साफ होत नव्हतं. त्या बोलल्या नाहीत. मग पोट फुगलं, जेवण नकोसं झालं आणि थोडं थोडं पातळ होऊ लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘जुलाब हायत, पेज दे.’ सकाळी उलटी झाली, तशी मी रिक्षा बोलावली. अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि तो जुलाबासारखा दिसतो, हे मला डॉक्टरांकडून कळलं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर अडकलेलं आणखीच घट्ट होतं.

पडद्याआड आई कण्हत होत्या. मी बाकावर पुस्तक उघडून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. नर्स बाहेर आली. ‘थोडंच आलंय. परत द्यावा लागेल.’ पोटाचा फुगवटा तसाच होता. डॉक्टर दोनदा पोटाला हात लावून गेले.

दुपार कलल्यावर नर्स पुन्हा आली. ‘सुटलं गो बाय! आजी रडतायत, पण बऱ्या हायत.’

डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, जेवणात काय असतं?’

‘भात. नि कोरा चाय.’

‘भाजी? वाल?’

‘सोडलंय. पोराच्या नावानं.’

तेराव्याला त्यांनी वाल आणि पालेभाजी सोडली होती, त्याच्या आवडीची म्हणून. आमच्याकडे असं सोडलेलं पुन्हा तोंडात घालत नाहीत.

‘भाजी-वालातला चोथा आणि पाणी पोटात गेलं नाही तर पुन्हा अडकेल,’ डॉक्टर म्हणाले. ‘दर वेळी एनिमावर भागेल असं नाही.’

‘अडकू दे.’ आई भिंतीकडे वळल्या.

मी म्हणाले, ‘आई, तुमच्याऐवजी मी सोडते वाल.’

‘तू कशाला गो? तुला काय हौस हाय?’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘त्याला चायपन लागायचा. उठता-बसता.’

‘व्हय.’

‘मंग वालाच्या बदल्यात मी चाय सोडते. त्याला सांगते तसं.’

‘आजी, चहा सोडणं जास्त कठीण,’ डॉक्टर हसले.

‘म्हणून तर.’

आता लॅक्ट्युलोज हे मळ मऊ करणारं पातळ औषध चालू आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाणी वाढवलं, भाजी हळूहळू वाढवली. कमोडवर बसताना आई पायांखाली पाट घेतात आणि घाई करत नाहीत.

ज्यांच्या घरात दुःख झालंय त्यांना एवढंच सांगते: आपल्या माणसाने काय सोडलंय ते विचारा. पोट साफ होतं का, हेही विचारा. त्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून आईंचं पोट पुन्हा अडकलं नाही.

परवा आईंनी स्वतः वालाचं बिरडं केलं आणि दोघींना वाढलं. पहिला घास घेऊन त्या कितीतरी वेळ थांबल्या. डोळे पुसले.

‘मीठ कमी पडलंय गो,’ म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.