तांदळातलं नाव

आईला आमच्या घरात तिसरी बाई दिसायला लागली ती माझ्या निवृत्तीच्या सुमारास. दिल्लीत द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहत होतो, मी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई; दोघींचे नवरे वारले होते. तरी जेवायला बसलं की ती विचारायची, "ती जेवली का गं?" कोण ती, असं म्हटलं की आई आवाज खाली आणून एक नाव सांगायची. ते नाव तिचं स्वतःचं होतं.

म्हणजे सासरचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीने कोरलेलं आणि पुढे जन्मभर सगळीकडे लागलेलं. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारं आता कुणीच उरलं नव्हतं. माझ्या लग्नात ते तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा मी ते सरळ बाजूला सरकवलं होतं, आणि त्यावरून हिनेच मला चांगलं फैलावर घेतलं होतं. तीच आई आता माहेरचं नाव धरून बसली होती आणि सासरच्या नावाची एक वेगळीच बाई तिने घरात आणून ठेवली होती.

सुरुवातीला मी थट्टेवारी न्यायचे. "फुकट राहते ना, मग चार पोळ्या लाट म्हणावं तिला." आई हसायची नाही. "हळू बोल, ऐकते ती," एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं, वाद घालू नका. वाद मी घालत नव्हते, पण स्वयंपाकघरात शिरण्याआधी दिवा लावायला लागले होते, भर दिवसासुद्धा.

त्या दिवसांत धुरकं इतकं होतं की डोक्यावरून उतरणारी विमानं दिसायची नाहीत, नुसता आवाज यायचा आणि खिडक्या थरथरायच्या. एका दुपारी आई मला म्हणाली, "आज ती तुझ्या खोलीत आरशापुढे बसली होती. खूप वेळ." मी खोलीत जाऊन आले. कुणी नव्हतं, असणार कोण? पण आरशात न बघता मी परत फिरले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारलेली बाई मी, आणि माझ्याच खोलीतून पायाला पाय लावून पळाले. स्वतःचाच राग आला.

निवृत्तीबरोबर नोकरीतलं आरोग्य योजनेचं कार्ड बंद होणार होतं आणि पेन्शनरचं नवीन काढायचं होतं. आईच्या छातीतल्या पेसमेकरची बॅटरी संपत आली होती. ती लवकरच बदलायला हवी, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं, आणि नव्या कार्डावर आईचं नाव आलं नाही तर ते ऑपरेशन माझ्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. कागद सगळे देऊन झाले होते. आता कार्डावरच्या प्रत्येकाने प्रत्यक्ष येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे बसायचं आणि पापण्या मिटून उघडायच्या, एवढंच उरलं होतं. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, याची मशीनला खात्री लागते.

एका सकाळी आईला शाल गुंडाळून टॅक्सीने कार्डाच्या ऑफिसात नेलं. काउंटरवर तिशीतली एक बाई होती, बोलायला मऊ. तिने आईचं नाव पुकारलं, मागे "जी" लावून. आई हलली नाही.

"माताजी, अपना नाम बताइए."

आईने माहेरचं नाव सांगितलं. इतका कोवळा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, ये तो कोई और हैं," बाई मला म्हणाली. मी तिला समजावलं की आमच्यात लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायचे.

"पहला नाम भी? तो फिर पुराना वाला कहाँ जाता है?"

तिने सहज विचारलं होतं. मी आईची शाल सारखी केली.

तिने मोबाइल आईच्या चेहऱ्यापुढे धरला. पापण्या मिटा, असं मोबाइल हिंदीत सांगत राहिला. आई टक लावून बघत होती. मिटेचना. शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली.

"नहीं ले रहा, मॅडम. नहीं हुआ तो इनका नाम अभी हटाना पड़ेगा."

मी आईचे हात धरले. "आई, ते नाव तुझंच आहे. हो म्हण आणि डोळे मीट."

"माझं कसं? ती असताना?"

"कुठे आहे ती?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ही काय," आई म्हणाली आणि तिने बोट माझ्याकडे केलं.

आरशापुढे त्या दिवशी मीच बसले होते. कपाळ तिचं, जड पापण्या तिच्या, पांढरे केससुद्धा तिच्याच वळणाचे. इतके दिवस मी जिला घाबरून दिवे लावत होते, ती मी होते. आईने माझ्या गालाला हात लावला, एखादी मुलगी ओळखीच्या म्हाताऱ्या बाईला लावते तसा.

"किती दमलीयस गं," ती म्हणाली. "मी मोठी झाले की अशीच होणार का?"

"नाही," मी म्हणाले. "तुला एक मुलगी होईल. भांडखोर, पण तुला सोडून कुठे जायची नाही."

आईने ते नीट ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते मिटले. बाईने तिच्यापुढेच धरून ठेवलेला मोबाइल टिंग करून वाजला.

"हो गया, मॅडम. चेहरा मिल गया."

कार्डाचा कागद छापून येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. आई माझ्याकडे बघून ओळखीचं हसत होती. थोड्या वेळाने काउंटरवरून तिचं नाव पुकारलं गेलं, मागे "जी" लावून.

आईने मला कोपराने ढोसलं. "जा ना, तुला बोलावतायत."

मी उठले आणि म्हणाले, "जी."