मास्टरांची सही

मामा गेल्याचं मला घरच्या माणसाकडून कळलं नाही. सकाळी साडेदहाच्या सुमाराला विमा कचेरीत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सुरतजवळच्या पलसाण्याच्या एका डाईंग मिलमधला, म्हणजे कापड रंगवणाऱ्या मिलमधला, माणूस बोलत होता. माझा नंबर त्याने कुठून मिळवला कोण जाणे. "बेन, सुकलाल मास्टर गए," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "हमने एक मशीन बंद रखा है सुबह से." मी विचारलं, तुम्ही मामांच्या हाताखाली होतात का? तर म्हणाला, नाही, मी त्यांना एकदाच भेटलो. मागून पाच मिनिटांनी मामींचा फोन आला... तोवर मला कळून चुकलं होतं. आता खरं ते लिहिते. मला रडू नंतर आलं, आधी अभिमान वाटला. आयुष्यात एकदाच भेटलेल्या माणसाने ज्याच्यासाठी मशीन थांबवावं, असा माणूस आमच्या घरात होता. सातवी पास.

सुकलाल मामा म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. शिरपूरकडच्या खेड्यातून सुरतेला आले तेव्हा पहिली काही वर्षं त्यांनी मिलमध्ये ओल्या कापडाचे गठ्ठे वाहिले. पुढे रंग कालवणाऱ्यांच्या खोलीत गेले, आणि कुणी मुद्दाम न शिकवता शेड ओळखायला शिकले. शेड म्हणजे रंगाची नेमकी छटा. व्यापारी नमुन्याचा तुकडा देतो, मिलने रंगवलेलं कापड त्याच्याशी जुळलं की नाही हे एक माणूस ठरवतो, आणि तो माणूस म्हणजे मास्टर. मामामामींना मूल नव्हतं. कॉलेजसाठी मी त्यांच्या सुरतेतल्या कोसाडच्या दोन खोल्यांत आले ती त्यांची मुलगी होऊनच राहिले. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले तेव्हा मामांनी भाजीवाल्यालाही थांबवून आमच्या अहिराणीत सांगितलं, "मनी भाची बी.कॉम. शे." सगळ्या कॉलनीचे अर्ज माझ्याकडे यायचे. रेशनकार्डाचे, गॅसचे, शाळेच्या दाखल्याचे. मला वाटायला लागलं होतं की कागद नीट लिहिला की जगातलं कुठलंही काम होतं. तेव्हा मी तशीच होते, लपवत नाही.

मामांची काम करायची एक पद्धत होती. कापड मशीनमधून निघाल्यावर ते त्याला हात लावत नसत. ते पूर्ण वाळून गार झालं की उत्तरेकडच्या खिडकीत नेऊन बघायचे, तेही सकाळी नऊ ते दुपारी तीन एवढ्याच वेळात. दिव्याखाली कधीच नाही. ट्यूबलाइटखाली दोन रंग सारखे दिसतात आणि उन्हात नेले की वेगळे पडतात, हे ते मलाही कितीदा सांगायचे. पसंत पडलं तर नमुन्याच्या तुकड्यावर सही करायचे. इंग्रजीतला एस आणि त्याला एक लांब शेपूट, एवढीच ती सही. पण ती दिसली की रिंग रोडच्या कापड मार्केटातले व्यापारी गाठोडं न उघडता माल ताब्यात घ्यायचे. मिलच्या शेठचा छापील शिक्का असायचा, तो कुणी पाहत नसे. मामांना हे ठाऊक होतं आणि ते त्याबद्दल घरी कधी बोलत नसत. मिलमध्ये मात्र चार वाजता कुणी तुकडा घेऊन आलं तर म्हणायचे, "कल सुबह." शेठ स्वतः आला तरी तेच.

एका वर्षी मामा भाऊबंदातल्या मयतीला चार दिवस गावी गेले. इकडे लग्नसराईच्या साड्यांचा राणी रंगाचा एक लॉट तयार झाला आणि व्यापाऱ्याला घाई होती. शेठचा पुतण्या, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणायचे, त्याने संध्याकाळी दिव्याखाली तो बघितला आणि तुकड्यावर एस काढून शेपूट ओढलं. सही बघून व्यापाऱ्याने माल उचलला. उन्हात साड्या उघडल्या तर काही पदर एका रंगाचे, काही दुसऱ्या. तो व्यापारी रमणभाई. वीस वर्षं मामांच्या सहीवर माल घेणारा माणूस. तो मिलमध्ये येऊन शांतपणे एवढंच म्हणाला की मास्टरने मला फसवलं असं मी मार्केटात सांगू का, तुम्हीच ठरवा.

मामा परतले तेव्हा छोटे शेठ कागद तयार ठेवून बसले होते. कागदावर एकच ओळ होती. हा लॉट मी पास केला, नजरचुकीने दोष राहिला. "मास्टर, तुम्हारा नाम है तो रमणभाई दो मिनट में मान जाएगा. मेरे नाम पे कौन मानेगा?" मामा तो कागद घडी करून घरी घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला. मी वाचला. आणि मी, बी.कॉम., म्हणाले, "करून टाका सही. नजरचूक लिहिलंय, चोरी नाही लिहिली. कोण वाचतंय हा कागद? नोकरी राहील."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. "माय, मी देखा नही तो रंग मना कसा व्हई?"

"पण मामा, चूक तर कुणाचीही होते."

"चूक मनी ऱ्हाती तं सही करी देतू."

मामी चुलीशी... म्हणजे गॅसपाशी होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "तिले काय इचारतस? तुमले जे करनं शे ते तुमी ठरायेलच शे." तेवढ्यावर विषय संपला. दुसऱ्या दिवशी मामांनी सही न करताच तो कागद परत दिला आणि आठवड्याच्या आत त्यांना घरी बसवलं.

नुसतं घरी बसवलं असतं तर चाललं असतं. पण मिलला स्वतःची बाजू सावरायची होती, म्हणून पलसाण्यापासून मार्केटापर्यंत एक गोष्ट पसरवण्यात आली. मास्टरच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बरेच दिवस अंदाजानेच चाललं होतं. बस. वयस्कर माणसाबद्दल सहानुभूतीने बोलल्यासारखं बोलायचं, की काम फत्ते. मामा चार मिलमध्ये जाऊन आले. चहा सगळ्यांनी पाजला, काम कुणी दिलं नाही. कॉलनीत पाण्याच्या टाकीपाशी शेजारचा पंडित हसत म्हणाला, "मास्टर, मना सदरा कोनता रंगना शे, सांगा ना." मामांनी त्याचा सदरा निरखून बघितला आणि म्हणाले, "पहिले धुई आन. मंग सांगस." सगळे हसले. घरी आल्यावर मामा जेवले नाहीत.

मला कुणी कुणी समजावायचं, गरिबाने नावाचा एवढा बाऊ करू नये, नाव ही मोठ्या लोकांची चैन. सही करून टाका म्हणणाऱ्या मलाही तोवर हे पटेनासं झालं होतं आणि आज तर मी हे बोलणाऱ्याला तोंडावर सांगते की तुम्ही उलटं शिकलात. ज्याची मिल आहे त्याचं नाव गेलं तरी मिल जागेवर राहते. तो पाटी बदलतो, नवी रंगवतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन चालू करतो. मामांकडे सातवीचा दाखला होता आणि लोक डोळे मिटून विश्वास ठेवतील अशी एक सही होती. ती गेली असती तर ते तीस वर्षं मागे जाऊन पुन्हा गठ्ठे वाहणारे झाले असते. आणि ती सही त्यांनी एका दिवसात कमावली नव्हती. "कल सुबह" असं हजारदा म्हणून, शिव्या खाऊन, कमावली होती.

मी आपली माझ्या वाटेने गेले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांना नेलं, दाखला घेतला. दृष्टी उत्तम, रंगज्ञान उत्तम, खाली गोल शिक्का. त्याच्या दहा झेरॉक्स काढल्या. मामांनी एक हातात घेतली, मान डोलावली आणि म्हणाले, "चांगला शे. पन मार्केटमा हाऊ कोन वाचस?" आणि शनिवारी मला म्हणाले, "चाल मना संगे."

सकाळी दहाला आम्ही रमणभाईंच्या दुकानात. गादीवर चारपाच व्यापारी बसलेले. मामा गादीवर चढले नाहीत. दारातूनच म्हणाले, "राणी का जितना माल पड़ा है, इस साल का, सब में से टुकड़े निकालो. चिठ्ठी निकाल दो. ऊपर गच्ची पे चलो." रमणभाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, मग नोकराला हाक न मारता स्वतः उठले. पंधरा तुकडे त्यांनी काढले, त्यांवरच्या लॉटच्या चिठ्ठ्या सोडवल्या, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने खूण केली, कोणती खूण कोणत्या लॉटची ते आपल्या वहीत लिहिलं आणि सगळे पिसून गच्चीवर उन्हात टाकले. बाकीचे व्यापारी तमाशा बघायला वर आले. मामा उकिडवे बसले. एकेक तुकडा उचलायचे, आकाशाकडे नाही, उत्तरेकडे तोंड करून स्वतःच्या सावलीबाहेर धरायचे आणि ठेवायचे. तीन ढीग झाले, एक त्यांनी पास केलेल्या मालाचा, एक दुसऱ्या मिलच्या मालाचा, आणि एक अगदी लहान. सगळ्यात लहान ढिगावर त्यांनी हात ठेवला. "ये मेरा नहीं. ये मैंने देखा ही नहीं. ये ट्यूबलाइट का पास किया हुआ है."

रमणभाईंनी वही उघडली. तुकडे उलटे करून खुणा जुळवल्या. पंधराच्या पंधरा बरोबर होते. मी पिशवीतला दाखला काढायला गेले. तेवढ्यात मामांनी आपल्याच ढिगातले दोन तुकडे उचलले. "रुको. ये दोनों मेरे हैं. और ये खराब हैं."

"हमको तो ठीक दिखता है, मास्टर."

"आपको दिखेगा. मुझे नहीं दिखता. आखाजी को गाँव जाना था, गाड़ी पकड़नी थी. शाम को देखा और साइन कर दिया."

आखाजी म्हणजे आम्हा खानदेशातल्या लोकांचा अक्षयतृतीयेचा सण. मिलमध्ये मशीन चालू असली तरी आमचा माणूस त्या दिवशी गाव गाठणारच. पण हे आता, इथे, या लोकांपुढे कशाला? जिंकलेला डाव हा माणूस हाताने उधळतो आहे असं मला वाटलं. एक व्यापारी पुढे सरकून म्हणालाच, "तो तब बोला क्यों नहीं?"

मामांनी ते दोन तुकडे गच्चीवर पसरून ठेवले. मग म्हणाले, "वापस आया तब तक माल निकल गया था. किसी ने शिकायत नहीं की. मैं चुप बैठ गया... वो दूसरी गलती."

खालून मार्केटातल्या हमालांचा गलका ऐकू येत होता. रमणभाईंनी ते दोन तुकडे हातात घेतले, बऱ्याच वेळाने त्यांनाही तो फरक दिसला असावा, कारण ते हलकेच हसले. तिथे उभ्या उभ्या त्यांनी मिलला फोन लावला आणि गुजरातीत एवढंच बोलले, "सही मास्टरनी नथी. माल पाछो लई जाओ." सही मास्टरांची नाही, माल परत न्या. माझा दाखला पिशवीतच राहिला. पंधरा बरोबर निघाले म्हणून त्यांनी विश्वास ठेवला असं मला उतरताना वाटत होतं. आता कळतं, पंधरा ओळखणारे आणखीही दोघेचौघे निघाले असते. जो स्वतःची झाकलेली चूक उकरून पुढे ठेवतो त्याने "ही माझी नाही" म्हटलं, की ते खोटं ठरवायची हिंमत कुणाची होत नाही. नाव जपणं म्हणजे डाग लपवणं, असं मला पदवी घेऊनही वाटत होतं.

मिलने परत बोलावलं. मामा गेले नाहीत. रमणभाई आणि इतर व्यापारी लहान मिलवाल्यांना सांगायला लागले, तुकडा कोसाडला दाखवून आण. आमच्या दोन खोल्यांपुढे सकाळी नऊला मोटरसायकली उभ्या राहायला लागल्या. पंडितही एकदा बायकोची साडी घेऊन आला, दोन दुकानांतली एकच आहे का बघा म्हणून. मामांनी बघून दिली. सदऱ्याचं काही बोलले नाहीत, मामींनी मात्र त्याला चहा विचारला नाही.

गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे तेराव्याला, माणसं पांगल्यावर छोटे शेठ आले. आता ते मोठे शेठ झालेत. सोबत हार आणि जाड पुठ्ठ्याचं एक नवंकोरं शेडकार्ड. वर सोनेरी अक्षरांत छापलेलं: सुकलाल मास्टर शेड्स. खाली रंगांचे चौकोनी तुकडे ओळीने चिकटवलेले, आणि कोपऱ्यात तीच सही, एस आणि शेपूट. म्हणाले, मास्टर आमच्या मिलची शान होते, त्यांचं नाव आम्ही अमर करणार, आणि काकींना दर महिन्याला घरपोच काहीतरी पोचवू. मी तोंड उघडणार तोच मामींनी हाताने मला थांबवलं. मामींना वाचता येत नाही. त्यांनी कार्ड घेतलं, उठल्या, गॅलरीच्या दारात जाऊन उजेडात धरलं आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत गेल्या. मग परत येऊन ते शेठच्या मांडीवर ठेवलं.

"ह्यामा त्यास्नी काय देखेल शे?"

शेठला अहिराणी कळली नाही. मी हिंदीत सांगितलं, यातला कोणता रंग मामांनी बघितला होता असं विचारतायत. ते म्हणाले, "काकी, ये तो उनकी याद में है."

"याद आम्हले शे," मामी म्हणाल्या. "तुमना रंग शे, तुमनं नाव लावा ना."

याचं भाषांतर मला करावं लागलं नाही. शेठ कार्ड उचलून जिना उतरून गेले. मामी गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, ते गाडीत बसेपर्यंत.