कंबरदुखीचं तेल

लढाईच्या दिवसांत कापडावर कंट्रोल आला आणि शेलूबाजारातल्या माझ्या दुकानात विकायला फारसं काही उरलं नाही. मग बाजाराच्या दिवशी मी समोरच्या तेलवाल्याकडे बघत बसायचो. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही. डोळ्यांत सुरमा, डोक्याला हिरवा फेटा, पुढ्यात शिश्या. ओरडायचा, "कंबरदुखीचं तेल!" कंबर म्हणजे काय, ते साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. धडधाकट गडी माझ्याकडचं एकुलतं एक धोतर उलटंपालटं करत उभे राहायचे आणि गर्दी पांगली की तिकडे सरकायचे.

"लगन झाल्यापासून दुखते का आधीपासून?" तो विचारायचा. गडी लाजायचा. "रोज पाठीले, खांद्याले चोळायचं. पण बायकोच्या हातानं. नाई तं गुण येत नाई."

पक्का लबाड, मी म्हणायचो. गुण आला नाही की खापर बायकोवर!

एकदा पदर पुढे ओढून एक बाई आली. तिनं रिकामी शिशी पुढे केली.

"गुण आला का, बाई?"

"ते जाऊ द्या," ती म्हणाली. "पण तेल लावून घेताना ते माह्याशी बोलतात. संपलं तसे पुन्हा मुके झाले."

त्यानं पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "मंग घरचं जवसाचं तेल लावा, बाई. हे बी तेच हाये."

हे ऐकूनही मी त्याच्याकडून एक शिशी घेतली. घरी जाऊन नुसतं "पाठ चोळून दे" म्हणायला माझी जीभ रेटली नसती.